चेंबरचा बोल्ट

माझ्या हाताला माप नाही. हे माझं मत नव्हे, माझ्या वडिलांचं. मी सतरा वर्षांचा असताना त्यांनी ते दोन माणसांसमोर जाहीर केलं आणि पुढची सोळा वर्षं मी ते खरं मानून जगलो. घरात कॅलेंडरला खिळा ठोकायचा असला तरी मी शेजाऱ्याला हाक मारायचो. बायकोला सुरुवातीला त्याचं हसू यायचं, नंतर कीव यायला लागली.

वडील दौंडच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. आम्ही मूळचे निमोण्याकडचे धनगर. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. पगारावर सही करणारे आप्पा पहिले. वाफेच्या इंजिनांवर त्यांचा हात बसला, आणि तो शेवटपर्यंत तिथेच बसलेला राहिला. बोल्ट आवळायचा म्हणजे कुरकुरेपर्यंत आवळायचा, आणि कुरकुरल्यावर आणखी अर्धा फेरा द्यायचा, ही त्यांची रीत. क्वार्टरमधला नळसुद्धा ते असा बंद करायचे की सकाळी आईला तो दोन्ही हातांनी उघडावा लागे.

त्यांची आणखी एक खोड होती. पाइपाचा सांधा गळू नये म्हणून बाकीचे फिटर पेचाच्या आट्यांवर ताग गुंडाळायचे आणि वरून सफेदा थापायचे. सफेदा म्हणजे एक पांढरा लेप, वाळला की दगडासारखा होतो. आप्पा तागाला हात लावत नसत. आजीच्या जुन्या घोंगडीतला काळ्या लोकरीचा धागा ते उसवायचे, लुंगी वर करून उघड्या मांडीवर तळहाताने पुन्हा पिळायचे आणि तो गुंडाळायचे. "ताग सडतो. लोकर सडत न्हाई," म्हणायचे. शेडमध्ये त्यावरून त्यांची चिक्कार थट्टा व्हायची, पण दौंडच्या अख्ख्या रेल्वे वसाहतीत ज्या नळाच्या मानेला काळा धागा दिसेल तो आप्पांनी बसवलेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांच्याकडे एक जुनी अवजड मोटारसायकल होती, बदली होऊन गेलेल्या एका साहेबाकडून घेतलेली. तिच्यावर त्यांचा जीव होता. आईवर होता की नाही हे मी सांगू शकत नाही, गाडीवर नक्की होता. ती त्यांनी कधी गॅरेजला नेली नाही. रेल्वेच्या फिटरची गाडी दुसऱ्याच्या हातात जाणं त्यांना कमीपणाचं वाटे. तेल ते स्वतः बदलायचे. इंजिनाच्या तळाला, ज्याला मेकॅनिक लोक चेंबर म्हणतात, एक बोल्ट असतो. तो काढला की जुनं तेल खाली येतं. आम्ही लांबून बघायचो. हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

बारावी संपली त्या सुट्टीत मी आयटीआयचा फॉर्म आणला होता. फिटर ट्रेड. दुसरं काही व्हावं असं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. फॉर्म भरून ट्रंकेवर ठेवला होता, फक्त त्यांची सही राहिली होती. एका रविवारी सकाळी शेडमधले त्यांचे दोन सोबती चहाला आले. ते तिघं आत गप्पा मारत बसले असताना मला वाटलं, आपण तेल बदलून दाखवावं. सही मागायच्या आधी हात दाखवावा. परातीएवढं जुनं भांडं खाली ठेवलं, पाना लावला आणि हलक्या हाताने, अगदी हलक्या हाताने, ओढला. बोल्ट एकदा कट् वाजला आणि गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय, पण बाहेर येत नाही. आटे गेले की बोल्ट असा जागच्या जागी फिरतो.

आवाजाला आप्पा बाहेर आले. मागे ते दोघं, हातात कपबशा. आप्पांनी वाकून बोल्ट पाहिला, दोन बोटांनी फिरवून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, गाडीसाठी उतरला.

दोघांतल्या एकाने विचारलं, "पोरानं आटे घालवले का काय रं?"

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. तो थोडा वेळ मला आजही मोजून दाखवता येईल.

"व्हय," ते म्हणाले. "त्याच्या हाताला माप न्हाई."

"आन् ह्यो फिटर व्हनार?" दुसरा म्हणाला, आणि तिघंही हसले. आप्पा जरा जास्तच हसले. फॉर्म ट्रंकेवरच राहिला. आईने दोनदा विषय काढला, तेव्हा म्हणाले, "त्याला फिटर करून काय शेडातली इंजनं पाडायची हायेत?" मी दौंडलाच बी.कॉम. केलं, रडतखडत. नंतर रांजणगावच्या एका कंपनीत डिस्पॅचला लागलो. खोक्यांना चिकटपट्टी लावायची, लेबल लावायचं, मोजून गाडीत भरायचं. त्यात हाताचं माप लागत नाही. बरोबरची आयटीआय झालेली पोरं मशीनवर होती, निळ्या ड्रेसमध्ये. मी त्यांच्याकडे बघत चिकटपट्टी तोडायचो.

गाडी काही महिने त्याच तेलावर चालली आणि मग आप्पांनी ती क्वार्टरच्या मागे ताडपत्रीखाली लावून ठेवली. दौंडमधल्या दोन-तीन मेकॅनिकनी विचारलं, आम्ही काढून देतो बोल्ट, अवघड नाही. आप्पांनी त्यांना हाकलून लावलं. कुणीही गाडीची चौकशी केली की ठरलेलं उत्तर, "पोरानं आटे घालवले." पाहुण्यांना सांगितलं, सोयऱ्यांना सांगितलं, माझं लग्न ठरवायला आलेल्या माणसांनासुद्धा सांगितलं. मी केलेली चूक अशी अंगणात झाकून ठेवलेली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवली जात होती.

आप्पा रिटायर झाले, आई गेली, आणि मी त्यांना शिरूरला माझ्याकडे घेऊन आलो. सामानात एक ट्रंक, एक घोंगडी आणि टेम्पोत आडवी-तिडवी बांधलेली ती गाडी. टायर सडलेले, टाकीला भोकं, सगळ्या नट-बोल्टांवर गंजाचा थर. बायको म्हणाली, "भंगारात द्या, अंगण तरी मोकळं होईल."

मी म्हणालो, "मी दुरुस्त करणार."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वेड लागलेलं नव्हतं. मला एकच गोष्ट हवी होती. समोर खुर्चीत बसलेल्या त्या म्हाताऱ्याच्या तोंडून, त्यांच्याच गाडीकडे बघून, एकदा ऐकायचं होतं की माझ्या हाताला माप आहे. तेहतीस वर्षांच्या बाप्याला असलं काही हवं असावं याची लाज वाटते, पण हवं होतं.

शिकवलं मला आमच्या कंपनीतल्या मेंटेनन्सच्या एका फिटरने. तो उत्तर प्रदेशातला, सणसवाडीत खोली करून राहायचा. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याजवळ डबा घेऊन बसायचो. त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं, "जल्दी में मत रहना. डीज़ल डालो, चार दिन छोड़ दो. उसको अपना काम करने दो." मला ते फार आवडलं. आमच्या घरात आजवर कुठल्याच गोष्टीला चार दिवस कुणी दिले नव्हते.

आठवड्याच्या सुट्टीला सकाळी नऊ वाजता मी अंगणात बसायचो आणि आप्पा खुर्ची ओढून समोर. बाजूच्या झाकणाच्या स्क्रूंच्या खाचा पार झिजून गुळगुळीत झालेल्या. त्यात स्क्रू ड्रायव्हर धरून आधी वरून हातोडीचे ठोके द्यायचे, गंज आतून सुटतो, मग फिरवायचं. चार निघाले. दोन निघेनात, त्यांच्या डोक्यावर करवतीच्या पात्याने नवी खाच पाडली, मग तेही निघाले. सायलेन्सरचा नट जागेवर जाम झालेला. तो गॅसच्या बत्तीने तापवला आणि गरम असताना मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत झिरपलं आणि नट हलला. एक बोल्ट तर मुंडकं तुटून आतच राहिला. वेल्डिंगवाल्याला बोलावून त्याच्या बुंध्यावर नवा नट डकवला आणि त्याला धरून तो बाहेर काढला. प्रत्येक वेळी मी वर बघायचो. आप्पा दुसरीकडे बघत असायचे.

"येळ लागतोय तुला," म्हणायचे. "आमी असले धा मिंटात काढायचो."

"तुम्ही मोडायचात, आप्पा."

"मोडू न्हाईतर काढू. निघाल्याशी कारन."

आणि उठता उठता न चुकता सांगायचे, "त्या खालच्या बोल्टला मातर हात लावू नको. त्यो ऱ्हाऊ दे तसाच."

मला त्यात माझाच अपमान दिसायचा. हा गडी ते एकदा करून बसलाय, पुन्हा करेल, असं त्यांना म्हणायचंय, अशी माझी खात्री होती. म्हणून मी तोच बोल्ट मुद्दाम शेवटी ठेवला. जेव्हा दुसरं काही उरलं नाही, तेव्हा एका सुट्टीला पाना सापडेना. सगळं घर पालथं घातलं. दुपारी बायकोने गाद्या उन्हात टाकल्या, तर आप्पांच्या गादीखाली पाना. मी पाना उचलला. म्हातारपण आहे, वस्तू कुठेही ठेवतात, असं तिलाच समजावलं.

पुढच्या सुट्टीला गाडी दोन विटांवर आडवी केली. आठवडाभर बोल्टाच्या कडेने डिझेल सोडत होतो, तरी तो आता फिरतही नव्हता. इतक्या वर्षांत जागीच बसून गेला होता. बत्तीने चेंबर तापवलं. पाना लावला. कट् आवाज झाला, तोच आवाज. बोल्ट पुन्हा जागच्या जागी फिरायला लागला. असा बोल्ट नुसता फिरवून निघत नाही, त्याच्या डोक्याखाली काहीतरी घालून त्याला बाहेर रेटत फिरवावं लागतं. बायकोला हाक मारली. तिने पातळ स्क्रू ड्रायव्हर डोक्याखाली सरकवून दाबून धरला, मी फिरवत राहिलो. आप्पा खुर्चीतून उठून आत गेले. घाम डोळ्यांत जात होता. आणि मग तो बोल्ट सुटून माझ्या हातात आला.

त्याच्या अंगावर ॲल्युमिनियमच्या आट्यांचे वेटोळे चिकटलेले होते. त्यावर पांढरा, दगडासारखा थर. नखाने खरवडला तर आतून काळा धागा निघाला. मांडीवर पिळलेली काळी लोकर, एकावर एक नीट गुंडाळलेली, शेवटाला गाठ.

मला समजायला वेळ लागला नाही. बायकोला लागला, तिने विचारलं, "हे केस कशाचे?" मी तिला सांगितलं. मी पाना लावायच्या आधीच, कधीतरी, चेंबरचे आटे गेलेले होते. इंजिन आवळायच्या जोराने कुणीतरी तो इवलासा बोल्ट मऊ ॲल्युमिनियममध्ये आवळला होता, वर अर्धा फेरा जास्त दिला होता, आणि नंतर लोकर-सफेदा लावून गुपचूप परत बसवला होता. मी त्या दिवशी फक्त वाळलेला सफेदा मोडला होता.

बोल्ट घेऊन आत गेलो. आप्पा कॉटवर बसले होते. तळहातावर ठेवून तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, बोल्ट घेतला, फिरवून फिरवून पाहिला. लोकरीवरून अंगठा फिरवला. मग मान वर करून मला विचारलं,

"गळला का रं कवा?"

मग उत्तर त्यांनीच दिलं.

"येक थेंब गळला न्हाई," ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं, स्वतःचं. "सोळा वरसं."

मी आयुष्यात त्यांच्यावर कधी ओरडलो नव्हतो, त्या दिवशी ओरडलो. फॉर्मचं बोललो, निळ्या ड्रेसचं बोललो, चिकटपट्टीचं बोललो. शेजारी दारात आले. आप्पा बोल्ट हातात धरून ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "त्या दोघांच्या म्होरं काय सांगनार हुतो मी? शेडातला फिटर, आन् स्वताच्या गाडीचं आटं घालवतो? त्यानं इचारलं, पोरानं घालवलं का. मी व्हय म्हनलो. येकदा म्हनलं की म्हनलं."

म्हणजे दोन कप चहासाठी. त्या दोन माणसांचा चहा संपेपर्यंत लाज राखायला त्यांनी माझं आयुष्य वापरलं होतं. राग तर आलाच, पण त्याहून मला वाईट वाटलं ते कारण इतकं लहान निघालं याचं. काही मोठं निघालं असतं तर सोसलं असतं.

"मला तुमच्याकडून दुसरं काही नको," मी म्हणालो. "त्या दोघांना सांगा. खरं काय ते सांगा."

"सांगतो," आप्पा म्हणाले.

दर महिन्याला ते एसटीने दौंडला जायचे. बँकेत पेन्शन, मग स्टेशनबाहेर त्या दोघांबरोबर चहा. त्या महिन्यात ते परत आले तेव्हा मी दारातच उभा होतो.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काय म्हननार? हसले," असं म्हणून त्यांनी केळ्यांची पिशवी बायकोच्या हातात दिली. मला त्या दिवशी खरोखर हलकं वाटलं. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

चेंबर मी लेथवाल्याकडे नेलं, त्याने भोक मोठं करून नवे आटे पाडले आणि त्या मापाचा नवा बोल्ट करून दिला. बसवायच्या दिवशी आप्पा समोरच होते. बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेला, मग पान्याने बेताने आवळला. हाताला कळलं, बसला. पाना काढणार, तोच ते म्हणाले, "अजून अर्धा फेरा घे."

"नाही. बास."

त्यांना 'नाही' म्हणण्याची ती पहिलीच वेळ. ते चिडले नाहीत. चौथ्या किकला गाडी सुरू झाली, धूर सगळ्या अंगणात भरला, बायको दारात उभी राहून खोकत हसत होती. आप्पांनी टाकीवर हात ठेवला, इंजिनाचं ऐकत राहिले आणि म्हणाले, "हाताला माप हाय तुझ्या."

सोळा वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य असं आलं, आणि मला काहीही झालं नाही. कारण आता ते कुणाचं माप होतं? जो स्वतः अर्धा फेरा जास्त देतो त्याचं. मी हात पुसले आणि गाडी बंद केली. तो काळ्या लोकरीचा बोल्ट मात्र एका डब्यात घालून कपाटात ठेवला.

पुढे दोन वर्षांनी आप्पा गेले. दहावा घोडनदीच्या घाटावर होता. दौंडच्या दोघांपैकी एक आधीच वारला होता, दुसरा काठी टेकत एसटीने आला होता. पिंड ठेवून बराच वेळ झाला, कावळा शिवेना. झाडावर दहा-बारा बसलेले, एक खाली उतरायला तयार नाही. माणसं आपापल्या परीने सांगून थकली. सून सांभाळून राहील, गावाकडचं देवाचं करू, वर्षश्राद्ध चुकवणार नाही. सगळं सांगून झालं. ऊन चढायला लागलं होतं.

तो म्हातारा माझ्या शेजारी बसला होता. कपाळावर हात धरून त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तू त्योच न्हवं? गाडीचं आटं घालवनारा?"

आजूबाजूची पाच-सहा माणसं वळून बघायला लागली.

"आप्पा लई सांगायचा बरं का," तो त्यांना म्हणाला. "पार शेवटच्या पेन्शनीपतोर. पोरानं गाडी चालू केली म्हने, पन आटं त्यानंच घालवल्यालं हुतं. लई हसायचा."

म्हणजे सांगितलंच नव्हतं. एकदाही नाही. दोन वर्षं दर महिन्याला चहा पिऊन, तेच सांगून, केळी घेऊन घरी आले होते. घर दहा मिनिटांवर होतं, बोल्ट कपाटात होता, याला उठवून नेऊन दाखवता आला असता. निदान तोंडाने तरी सांगता आलं असतं, तिथेच, सगळ्यांसमोर. माणसं माझ्याकडे बघत होती. पुढ्यात त्यांचा पिंड होता.

मी थोडा वेळ गप्प राहिलो.

"व्हय," मी म्हणालो. "मीच घालवले."

म्हातारा हसला. झाडावर फडफड झाली, एक कावळा थेट खाली आला आणि पिंडातला घास घेऊन गेला.

"चला, शिवला," कुणीतरी म्हणालं. "कसली तरी विच्छा ऱ्हायली हुती, ती झाली पुरी."

मी उठलो आणि आंघोळीला नदीत उतरलो.